सत्त्वपरीक्षा तुकोबांची

आरत्या संपतात, मंत्रपुष्पांजली होते आणि मुलांचे डोळे प्रसादाच्या ताटाकडे लागलेले असतानाच आपण हात जोडून देवाजवळ एक मागणे मागतो. बहुतेक मराठी घरांत आणि मंडळांत ते म्हटले जाते. आपल्या उत्सवाला आवर्जून येणारे अमराठी स्नेही आणि ऑफिसातले सहकारी कधी कधी त्याचा अर्थ विचारतात. आपण सांगतो की हा संत तुकारामांचा अभंग आहे. यात त्यांनी धनसंपत्ती मागितलेली नाही, मुक्तीसुद्धा मागितलेली नाही. देवाचा विसर पडू नये आणि संतांची संगत लाभावी, एवढेच मागितले आहे. ऐकणारा मान डोलावतो. परंतु हे मागणाऱ्या माणसाची पहिली पत्नी अन्नावाचून गेली होती, हे सांगायचे आपल्याकडून राहून जाते. ते सांगितल्याशिवाय या मागण्याचे वजन कळत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने तुकोबांच्या चरित्रातील दोन कठीण काळ जरा सविस्तर मांडावेत असे वाटले. त्यातला एक सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचा शेवट मात्र फारसा सांगितला जात नाही.

मुंबई-पुणे लोहमार्गावर देहूरोड नावाचे स्टेशन लागते. तिथून काही किलोमीटर आत इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव आहे. सर्वसाधारणपणे मानल्या जाणाऱ्या गणनेनुसार तुकोबांचा जन्म इथे १६०८ साली झाला. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले भाऊ सावजी आणि धाकटे कान्होबा. घराणे मोऱ्यांचे, जातीने कुणबी, व्यवसाय वाण्याचा. गावच्या बाजारपेठेची महाजनकी घरात होती, शेती होती, सावकारीही होती. पूर्वज विश्वंभरबोवा यांच्यापासून विठ्ठलाची उपासना घरात चालत आलेली होती. थोडक्यात सांगायचे तर तुकोबा हे खाऊनपिऊन सुखी अशा प्रतिष्ठित घरातले. त्यांना लहानपणापासून दरिद्री दाखवण्याची काही कीर्तनकारांना सवय आहे, ती बरोबर नाही. ज्याने कधी काही पाहिलेलेच नाही त्याचे जाणे वेगळे, आणि भरल्या घरातून एकेक वस्तू उठून जाताना पाहणे वेगळे.

पडझड सुरू झाली ती घरातूनच. तुकोबा सतरा-अठरा वर्षांचे असताना आई-वडील गेले. थोरल्या भावाची पत्नी वारली. सावजींचे मन संसारात मुळातच नव्हते. ते तीर्थयात्रेला निघून गेले. दुकान, देणीघेणी, शेती आणि कुटुंब हे सगळे मधल्या भावाच्या अंगावर आले. पहिली पत्नी रखमाबाई हिला दम्याचा विकार होता, म्हणून घरच्यांनी पुण्याच्या गुळवे नावाच्या सावकाराची मुलगी जिजाई हिच्याशी दुसरा विवाह लावून दिला होता. आवली या नावानेही ती ओळखली जाते.

आणि मग दुष्काळ आला. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खनवर पडलेला हा दुष्काळ हिंदुस्थानच्या इतिहासातल्या अतिभयंकर दुष्काळांपैकी एक मानला जातो. शाहजहान बादशहा त्या वेळी दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. त्याच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, 'पादशाहनाम्या'त या दुष्काळाचे जे वर्णन केले आहे ते वाचवत नाही. भाकरीच्या तुकड्यासाठी लोक स्वतःला विकायला तयार होते आणि घेणारा कुणी नव्हता. पिठात हाडांची पूड मिसळली जात होती. माणसे माणसांना खाऊ लागली होती. बादशहाच्या पदरी असलेला लेखक आपल्या धन्याच्या राज्याबद्दल हे लिहितो, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी. त्यातच लढाया. विजापूरकरांच्या फौजेने पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, तोही याच सुमारास. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तो १६३० च्या फेब्रुवारीत, म्हणजे या साऱ्या होरपळीच्या तोंडावर.

देहूचे दुकान बसले. धान्य नाही तिथे गिऱ्हाईक कुठले? उधारी वसूल होईना, गुरे मेली, पत गेली, दिवाळे निघाले. आणि आजारी रखमाबाई अन्न अन्न करीत गेली. पाठोपाठ तिचा मुलगा संतू गेला. तुकोबांचे वय त्या वेळी बावीसच्या आसपास होते.

हा प्रसंग कुणा भाविक चरित्रकाराने रंगवलेला नाही. संतांनी आग्रह केला म्हणून तुकोबांनी आपली हकीकत काही अभंगांतून सांगितली आहे, त्यात तो आहे. सांगायची इच्छा नव्हती, हेही ते तिथेच नोंदवतात. ही हकीकत अगदी कोरडी आहे. आईबाप गेले, दुष्काळाने पैसा आणि मान दोन्ही नेले, बायको उपाशी मेली, व्यापार तोट्यात गेला. या ओळींच्या मध्ये एक भावना मात्र त्यांनी स्पष्ट नोंदवली आहे. त्यांना लाज वाटली. दुःख झाले हे तर आलेच, पण आधी लाज वाटली. एका वाण्याच्या, महाजनाच्या घरात बाई उपाशी मरते, याची ती लाज आहे. हे वाचताना आजही पुढे जाववत नाही.

पुढे अनेक वर्षांनी तुकोबांनी एका अभंगात देवाचे आभार मानले आहेत, की दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडा दिली ते बरे झाले, बायको गेली तेही बरे झाले, त्यामुळेच मी तुझ्याकडे वळलो. प्रवचनांत हा अभंग नेहमी येतो आणि अशी वृत्ती ठेवा असे आपल्याला सांगण्यात येते. प्रस्तुत लेखकाला याबाबत एकच म्हणायचे आहे. हे उद्गार त्या दिवसाचे नाहीत. मुलाला मूठमाती देऊन आलेला बावीस वर्षांचा बाप हे बोललेला नाही. आयुष्य मागे वळून पाहणारा, तावूनसुलाखून निघालेला माणूस ते बोलला आहे. त्या दिवशी काय होते, तर लाज आणि दुःख. ज्याच्या घरी नुकतेच काही घडले आहे त्याला हा अभंग ऐकवायला जाऊ नये.

त्या दिवसांनंतर तुकोबांनी काय केले, तेही त्यांनीच सांगितले आहे. गावातले विठ्ठलाचे पूर्वापार देऊळ मोडकळीला आले होते. ते बांधावे असे त्यांच्या मनात आले आणि स्वतः माती कालवून, भिंती उचलून त्यांनी ते नीट केले. वाचकहो, जरा थांबून विचार करा. ज्या देवाची घरात पिढ्यान् पिढ्या पूजा झाली त्याने घर वाचवले नाही. अशा वेळी माणूस देवघराचे दार लावून घेतो. दुसरा एखादा दगडासारखा बसून राहतो. तुकोबांनी मात्र देवाला छप्पर घातले. विश्वास डळमळला नव्हता म्हणून घातले, की डळमळलेल्या विश्वासाला धरायला काहीतरी हवे होते म्हणून घातले, हे कळायला मार्ग नाही. दोन्ही असू शकेल. हातांना काम होते, एवढे खरे. पुढे त्याच देवळात ते एकादशीला कीर्तन करू लागले. सुरुवातीला अभ्यास नव्हता, म्हणून संतांची वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. हेही त्यांचेच सांगणे.

मग ती प्रसिद्ध गोष्ट घडली. महिपतीने अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रात ती येते. वडिलांच्या वेळेपासूनची कर्जखते घरात होती. दुष्काळातून वाचलेल्या कुळांकडून ती वसूल करून धंदा पुन्हा उभा करता आला असता. तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवायचे ठरवले. कान्होबांनी हरकत घेतली, आणि त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. त्यांनाही बायकामुले होती. तेव्हा खतांच्या दोन वाटण्या झाल्या. कान्होबांची निम्मी त्यांच्याकडे राहिली, आपली निम्मी तुकोबांनी नदीत सोडली. भावाच्या वाट्याला हात न लावता केवळ आपला वाटा सोडणे, हा या गोष्टीतला भाग फार महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन केलेले वैराग्य ते नव्हते.

जिजाईच्या पोटाचे काय, असा प्रश्न इथे येतो आणि तो आलाच पाहिजे. आपल्याकडे जिजाईला कजाग म्हणून रंगवण्याची रीत पडली आहे. प्रभात कंपनीच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' या चित्रपटाने तिला बरेच माणसात आणले. विष्णुपंत पागनीसांची भूमिका असलेला हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि मराठी न समजणाऱ्यांनीही तो डोक्यावर घेतला. पाहणाऱ्यांना त्यातली जिजाई आपल्या घरातली वाटली. महिपती सांगतो की नवऱ्याने पुन्हा धंदा करावा म्हणून तिने स्वतः कर्ज काढून भांडवल उभे केले. माल विकून नफा झाला आणि परतीच्या वाटेवर तुकोबांनी तो एका अडलेल्या माणसाला देऊन टाकला. तुकोबा भंडारा डोंगरावर, भामचंद्रावर एकांतात जाऊन बसत आणि ती भाकरी घेऊन डोंगर चढे. ती विठ्ठलाला शिव्या घाली म्हणतात. घालीत असेलही. पण भाकरी वर पोचवल्याशिवाय ती जेवत नसे, हेही तीच परंपरा सांगते. सत्त्वपरीक्षा एकट्या तुकोबांची झाली असे समजण्याचे कारण नाही.

आणि शिव्यांचेच म्हणाल, तर तुकोबा तरी कुठे मागे होते? साडेचार हजारांच्या आसपास अभंग असलेल्या त्यांच्या गाथेत देवाशी भांडणाचे अभंग कितीतरी आहेत. देवाला ते नादार म्हणतात, भिकारी म्हणतात, शब्द फिरवणारा म्हणतात. भेट देत नाहीस तर तू आहेस तरी कशावरून, असे विचारतात. माझ्यापुरता देव मेला, असे म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे. हे अभंग त्यांनी नंतर फाडून टाकले नाहीत आणि वारकऱ्यांनीही ते गाथेतून गाळले नाहीत. हिशेबाच्या वह्या ठेवलेल्या माणसाची भाषा या भांडणात पदोपदी दिसते. येणे, देणे, जामीन, खत. कुळांवरचे येणे पाण्यात सोडले, पण देवावरचे येणे त्यांनी कधी सोडले नाही. ज्याच्याकडून काहीच येण्याची आशा नाही त्याच्या दाराशी कुणी तगादा लावत नाही.

आता दुसरा काळ. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात उपदेश दिला आणि पुढे नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करायची आज्ञा केली, असे तुकोबा सांगतात. त्या आज्ञेच्या आधारावर ते अभंग रचू लागले. कीर्तनाला गर्दी होऊ लागली. चाकणच्या संताजी जगनाड्यांसारखे टाळकरी अभंग लिहून घेऊ लागले. ब्राह्मण स्त्रीपुरुषही एका कुणब्याच्या पायाशी बसू लागले, आणि इथे बिनसले. वाघोलीचे विद्वान रामेश्वर भट्ट यांनी हरकत घेतली. वेदांचा अर्थ शूद्राने प्राकृतात सांगावा हा अधर्म आहे, तेव्हा वह्या नदीत बुडवाव्यात, असा निर्णय झाला. तुकोबांनी स्वतःच्या हाताने वह्या दगड बांधून इंद्रायणीच्या डोहात सोडल्या.

याच नदीत पूर्वी कर्जखते सोडली होती. ती त्यांनी आपखुशीने सोडली होती. या वह्या सोडायला लावल्या होत्या. निंदकांना नवे निमित्त मिळाले. पूर्वी संसार बुडवलास, आता परमार्थही बुडाला. पण लोकांच्या बोलण्यापेक्षा मोठा पेच आतला होता. अभंग रचण्याची आज्ञा खरोखर देवाची असेल, तर देव ते बुडू देईल कसा? आणि बुडू दिले, तर ती आज्ञा होती की आपल्याच मनाचा खेळ? दुष्काळात माणसे गेली, तेव्हा निदान देवाने काही वचन दिलेले नव्हते. इथे वचनच पणाला लागले होते. तुकोबा नदीकाठी शिळेवर बसले आणि त्यांनी अन्नपाणी सोडले. तेरा दिवस ते तिथे होते.

तेरा दिवसांनी वह्या पाण्यावर आल्या, कोरड्या मिळाल्या, असे परंपरा सांगते. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई या त्यांच्या समकालीन. कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग ऐकून त्यांचा ध्यास लागला आणि पुढे त्या देहूला येऊन राहिल्या. त्यांनीही तेरा दिवस पाण्यात राहून वाचलेल्या वह्यांचा उल्लेख केला आहे. चमत्कार ज्यांना पटत नाही ते म्हणतात की अभंग लोकांना पाठ होते, ते लोकांनी परत लिहून काढले, लोकगंगेने तारले. ज्याने त्याने आपल्या बुद्धीला पटेल ते घ्यावे. दोन्ही बाजूंच्या वादात एक गोष्ट सुटून जाते. शिळेवर बसलेल्या माणसाला पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी, बाराव्या दिवशी पुढचे काहीच माहीत नव्हते. आपण गोष्ट ऐकताना तेरावा दिवस मनात धरूनच ऐकतो, म्हणून आधीचे बारा आपल्याला जड जात नाहीत.

या गोष्टीचा शेवट सहसा इथेच होतो. वह्या तरल्या, निंदक हरले, जयजयकार झाला. पण तुकोबांचे या प्रसंगावरचे अभंग वाचले तर त्यांत विजयाचा आनंद शोधूनही सापडत नाही. त्यांत आहे पश्चात्ताप. ते देवाची क्षमा मागतात. मी मोठा अन्याय केला, तुझा अंत पाहिला, असे त्यांचे म्हणणे आहे. मानेवर सुरी आलेली नव्हती, पाठीवर घाव पडलेला नव्हता, तरी मी एवढा आकांत मांडला. लोकांच्या बोलण्यापायी तुला शिणवले, पाण्यात उभे केले. यापुढे कुणी मान कापली तरी तुला त्रास देणार नाही, असे ते कबूल करतात. सत्त्वपरीक्षा देव भक्ताची घेतो असे आपण मानतो. तुकोबांना तेराव्या दिवशी कळले की आपणच देवाची परीक्षा घ्यायला बसलो होतो. बायको अन्न अन्न करीत गेली तेव्हा ते असे धरणे धरून बसले नव्हते, आणि शब्दांसाठी मात्र बसले. ही बोच त्यांना लागली असेल का? त्यांनी तसे म्हटलेले नाही, पण दोन्ही अभंग शेजारी ठेवून वाचणाऱ्याच्या मनात हा विचार आल्यावाचून राहत नाही. वह्या परत मिळाल्यावर ज्याला हायसे वाटण्याऐवजी ओशाळे वाटले, त्याचा देवाशी असलेला संबंध किती जवळचा असेल!

रामेश्वर भट्टांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या अंगाचा दाह होऊ लागला आणि तो तुकोबांच्या अभंगाने शमला, अशी कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी ते तुकोबांचे अनुयायी झाले, हे निश्चित. तुकोबांची जी आरती आज देहूपासून आपल्या गावापर्यंत म्हटली जाते, तिच्यात रचणाऱ्याचे नाव आले आहे आणि ते रामेश्वर भट्टांचे आहे. ज्यांनी वह्या बुडवायला लावल्या त्यांनीच वह्या तरल्याची आरती लिहिली.

यानंतरची वर्षे कीर्तनाची. आईच्या माहेरी लोहगावी, आसपासच्या गावांत आणि देहूत. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, असे सांगतात. घरची परिस्थिती होती तशीच राहिली. मंबाजी गोसाव्यासारख्यांचा छळ चालूच होता. त्याने काटेरी फांदीने मारले, आणि संध्याकाळी तो कीर्तनाला आला नाही म्हणून तुकोबाच त्याला बोलवायला गेले. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० साली, तुकोबा गेले. वारकरी ते सदेह वैकुंठाला गेले असे मानतात आणि ती तिथी तुकाराम बीज म्हणून पाळतात. पुढे १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना महात्मा गांधींनी त्यांच्या काही अभंगांचे इंग्रजी भाषांतर केले. आज तुकोबा भारतातल्या आणि बाहेरच्या अनेक भाषांत पोचले आहेत. त्याबद्दल लिहायला ही जागा पुरणार नाही.

मागे राहिले ते कान्होबा. व्यवहार पाहणारे, आपल्या वाटणीची खते सांभाळून ठेवणारे धाकटे भाऊ. भाऊ गेल्यावर त्यांनी रचलेले अभंग गाथेत आहेत. मन दुभंगले असताना रचलेले हे अभंग आहेत. त्यांत ते विठ्ठलाशी कडाडून भांडतात, आपला भाऊ परत मागतात, देवाला धमकावतातसुद्धा. थोरल्या भावाची भांडणाची रीत धाकट्याने जशीच्या तशी उचलली होती.

जिजाई त्या वेळी गरोदर होती. पुढे तिला मुलगा झाला, त्याचे नाव नारायण. त्याने वडिलांना कधी पाहिले नाही. मोठा झाल्यावर, १६८५ साली, याच नारायणबोवांनी तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून त्या पंढरीच्या वाटेने नेण्याची प्रथा सुरू केली. ही पालखी दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते.